पाठीशी डोंगर

बाबा, काल तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवरचा डोंगर खाली उतरवून पुसला. रविवार कारंज्याच्या चौकातली धूळ तुम्हाला माहीतच आहे, महिनाभरात ती बरोबर धुक्याच्या जागी येऊन बसते. धुकं म्हणजे चित्रकाराने कागद कोरा सोडलाय ती जागा. लहानपणी मी तिथे पेन्सिलने झाडं काढायला निघाले होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "ते रिकामं नाही, तिथे धुकं आहे." खाली पुलावर बोटाच्या पेराएवढा एक माणूस छत्री घेऊन चाललाय. हा कोण, तर तुम्ही म्हणायचात, तुझे आजोबा. कुठे निघालेत, तर चीन सोडून इकडे, आपल्याकडे. पण त्याचं तोंड डोंगराकडे आहे, बाबा. मी हे तेव्हाही म्हणाले होते, आणि तुम्ही हातातली कवळी घासायला घेतली होतीत.

मी सातवीत आहे. दुपारची वेळ. चांदवडचा एक म्हातारा शेतकरी नवी कवळी बसवून आरशात स्वतःकडेच बघून हसतोय. मग भिंतीकडे वळून विचारतो, "डाक्टर, ह्यो डोंगर कुठला म्हनायचा?" तुम्ही नेहमीसारखं "आमच्या गावचा" म्हणायच्या आत मीच आपल्या शहराबाहेरच्या किल्ल्याचं नाव ठोकून दिलं, "रामशेज." कारण "आमच्या गावचा" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कुठलं गाव? आणि मग माझ्या डोळ्यांकडे बघणं. वर्गात त्या बघण्याचा मला वीट आला होता. म्हातारा "वाटलंच मला" म्हणत खुशीत गेला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "भांडी उसनी मागता येतात. डोंगर उसना घेत नाहीत." मला फार राग आला होता, खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. तुमचा जन्म कलकत्त्याचा. तो डोंगर तुम्ही तरी कुठे पाहिला होता?

आणि तरीही दर एप्रिलला तुम्ही आम्हाला त्या रामशेजच्याच पायथ्याशी नेत होतात. पितरांच्या कबरी झाडायचा तुमचा तो दिवस. आजोबांची कबर पार कलकत्त्याला, म्हणून मग डोंगरापुढेच थर्मासमधला चहा तीन कपांत ओतायचा, संत्री मांडायची आणि तीनदा वाकायचं. आईच्या माहेरी मखमलाबादला फुलांचा मळा, त्यामुळे ती झेंडू आणायची. चिनी देवाला झेंडू चालतो का, असं तिने कधी विचारलं नाही. मला तो डोंगर आठवतो तो कमरेला धुकं गुंडाळलेला. एप्रिलच्या उन्हात धुकं कुठून येणार? पण आठवतं ते असं.

तुम्ही गेलात ते नव्व्याण्णव साल. आदल्या आठवड्यात मला जवळ बसवून म्हणालात, "माणसाच्या पाठीशी डोंगर हवा आणि समोर पाणी. इथल्या दफनभूमीत माझ्या मागे कंपाउंडची भिंत येणार. तू कधी गावाला गेलीस तर आपल्या डोंगराची मूठभर माती आण आणि माझ्या उशाशी ठेव." मी हो म्हणाले. समोर पाणी मात्र तुम्हाला मिळालंय. दफनभूमीचा नळ तिथेच आहे, कायम गळत असतो.

सात वर्षांनी जायला मिळालं. तुमच्यामागे दवाखाना मीच चालवत होते; चीनमध्ये दातांच्या सामानाचं प्रदर्शन होतं, तिथून एक दुभाषी मुलगी बरोबर घेऊन बसने गावाला गेले. चार तास मी खिडकीला नाक लावून डोंगराची वाट बघत होते. भातशेती, कालवे, बदकं, पुन्हा भातशेती. जमीन पोळपाटासारखी सपाट. तुमचे चुलतभाऊ भेटले, कान अगदी तुमचेच. मी विचारलं, आपला डोंगर कुठे आहे? दुभाषीने सांगितलं आणि ते पोट धरून हसले. म्हणाले, "डोंगर बघायचा तर आम्हीसुद्धा बसनेच जातो." पण त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर चित्र होतं, बाबा. तसाच डोंगर, तसंच धुकं, पुलावर तसाच माणूस. हा कुठला म्हणून विचारलं, तर म्हातारा छाती काढून म्हणाला, "आमचा." तुम्ही म्हणायचात अगदी तसं. मला रडू आवरेना आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं की मला त्यांचा चहा कडू लागला.

शेताच्या बांधावरची काळी, चिकण माती मी कवळीच्या डबीत भरून आणली. पण तुम्ही डोंगराची माती मागितली होतीत. ही तुमच्या उशाशी ठेवायची म्हणजे डोंगर नव्हताच, हे तुम्हाला सांगणं झालं. माझ्याने ते होईना. आईला घेऊन तुमच्या कबरीवर जायच्या आदल्या दिवशी मी एकटीच रामशेजला गेले आणि पायथ्याची मूठभर लाल मुरमाड माती रुमालात बांधून आणली.

आईला म्हणाले, ही तिकडची, डोंगराची. तिने चिमूट घेतली आणि बोटांत चोळली. जन्म मातीत गेलेली बाई ती. बराच वेळ चोळत राहिली. मी नळाकडे बघत होते. मग तिने ती सगळी माती तुमच्या उशाशी थापली, वर ओंजळभर पाणी शिंपडलं, रोप लावल्यावर शिंपडते तसं. हात पुसत म्हणाली, "रामशेजची हाय ना?"

मी मान डोलावली.

"ऱ्हाऊ दे. चांगली माती हाय," ती म्हणाली. "फक्त तुझ्या बाबांला नको सांगू."

ती काळी माती अजून दवाखान्याच्या खणात, त्याच डबीत आहे. हे कागदही मी तिच्याखाली सरकवून ठेवणार आहे. तुम्हाला काही सांगणार नाही, असा आईला शब्द दिलाय.