बाप म्हणून सही

दि. ९ मार्च

तीर्थस्वरूप काकूंना,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? काका रोज तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतात, जणू ते त्यांनीच बसवून दिलेत.

मी भिंगरी. काकांच्या हाताखाली फरशी कापतो. एका जागी ठरत नाही म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. अक्षराला हसू नका. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेने मला, हे अजून ठरायचंय. फोनच केला असता, पण तुम्ही काकांचा उचलत नाही, आणि माझ्या नंबरवरून केला तर ‘कोण?’ म्हणून ठेवून दिलात.

काका गेल्या महिन्यात कायमचे घरी यायचे होते, आले नाहीत. ‘काम चांगलं मिळालंय, अजून दोन वर्षं थांबतो,’ म्हणाले. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘तिकडे कोणी ठेवली असेल तर तिच्याकडेच राहा.’ काकू, ते तुम्ही इतक्या मोठ्याने बोललात की खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. आमच्या खोलीतला रंगारी अजून हसतो. काकांना बाई! दुकानातल्या बाईने सुटे मागितले तरी ते माझ्याकडे बघतात, तू दे म्हणून.

आणि चांगलं काम वगैरे काही नाही. तेच ठेकेदाराचं काम आहे, तेवढ्याच मजुरीचं. थांबण्याचं कारण मी आहे.

एका नव्या इमारतीत न्हाणीघराची फरशी चालू होती. काका ओरडत होते, ‘गाढवा, तुकडा खाली दाबून धर, मग कटर लाव.’ मला घाई. मी मांडीवर धरूनच कापत होतो. कटर निसटला. काकांनी अंगातला शर्ट काढून माझ्या मांडीला आवळला आणि वर गुडघा रोवून बसले. ठेकेदाराने गाडीत घातलं, दवाखान्याच्या फाटकाशी उतरवलं, ‘माझं नाव घेऊ नका’ म्हणाला आणि गाडी वळवली. आमच्यापैकी कोणाचाच विमा त्याने काढलेला नाही. काढतो, काढतो, एवढंच.

आत मला लगेच घेतलं. खोटं कशाला बोलू, पैसे आधी कोणी मागितले नाहीत. पण दारावरचा माणूस काकांना आत सोडेना. नात्यातलं असेल तरच, म्हणाला. काका उघडेबंब, अंगभर माझं रक्त. म्हणाले, ‘बाप आहे मी त्याचा.’ दार उघडलं. आत कोणीतरी कागद पुढे केला, त्यावर काकांनी बाप म्हणून सही केली. ऑपरेशन झालं. पाय वाचला.

इथवरचं काकांनी कधीतरी तुम्हाला सांगितलंही असतं. पुढचं नाही सांगणार.

मी जरा माणसात आल्यावर बिलाच्या खिडकीवरच्या बाई वॉर्डात आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. काकांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या खाटेच्या पडद्यापलीकडे. म्हणाल्या, ‘अपघाताचा पेशंट, विमा नाही आणि मागे कोणीच नाही, असं असेल तर खर्च दवाखान्याच्या निधीतून होतो. पण याला वडील आहेत. मग वडिलांनी भरायचं.’

‘किती?’ काकांनी विचारलं. बाईंना काहीतरी कळलं असावं. आवाज उतरवून म्हणाल्या, ‘बाबा, खरंच वडील आहात ना? नसाल तर तसं लिहून द्या, मी तुमचं नाव काढते. कोणी रागावणार नाही.’

‘पोरगं जागं आहे, बाई,’ काका म्हणाले. ‘त्याच्या कानावर कसं घालू, मी याचा कोणी नाही म्हणून?’

काकू, मी जागाच होतो. डोळे मिटून पडलो होतो. नुसती हाक मारायची होती, ‘काका, द्या लिहून.’ नाही मारली. पैसे वाचावेत म्हणून नाही, खरंच नाही. मला बाप आठवत नाही. मावशीकडून मामाकडे, मामाकडून आणखी कुठे. जाईन तिथे पहिला प्रश्न, ‘हा कोणाचा?’ ‘माझा’ असं कोणी म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. वाटलं, आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. तो उद्या मी ढकलत राहिलो. तोवर घरी येण्यासाठी साठवलेलं सगळं काकांनी त्या खिडकीत भरलं आणि उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले.

मग तुमचा तो फोन झाला. फोन ठेवून काका पाण्याचा पेला हातात घेऊन बसले, प्यायले नाहीत. मी म्हटलं, ‘खरं सांगून टाका ना काकूंना.’

‘काय सांगू?’ म्हणाले. ‘तिच्या पोटचं एक जगलं नाही, आणि मी इथे परक्या पोराचा बाप म्हणून सही करून बसलोय, हे सांगू?’

मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला लिहावं की नको, यात दोन कागद फाडले.

परवा काठी टेकत खरं सांगायला एकटाच त्या खिडकीवर गेलो. बाई म्हणाल्या, ‘त्यांनाही घेऊन या.’ काल टाके दाखवायचेत असं खोटं सांगून काकांना नेलं. बाईंनी मला विचारलं, ‘हे तुमचे कोण?’ मी म्हटलं, ‘कोणी नाही. एका खोलीत राहतो. काम शिकवतात.’ काका खाली फरशीचे सांधे बघत होते. सांधे वाकडे होते, एरवी बसवणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली असती. बाईंनी त्यांना विचारलं, ‘बरोबर आहे का?’ त्यांनी इतका वेळ लावला की मागे रांगेतला माणूस खाकरला. मग म्हणाले, ‘तो म्हणतो तसं लिहा.’

बाईंनी ‘नातं नाही’ असं लिहिलं, खाली आम्ही दोघांनी सही केली. हप्ते थांबले. भरलेलं मात्र परत मिळत नाही. येताना बसमध्ये काका पुढे बसले, मी मागे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कालपासून मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही.

काकू, ते आता यायला मोकळे आहेत. हात रिकामे असतील. तिकिटाचं आम्ही खोलीतले बघतो, पण ते काढू देत नाहीत. म्हणतात, ‘फोन उचलत नाही ती, दार उघडेल कशावरून?’ तेवढं तुमच्या हातात आहे. फोन उचला. हवं तेवढं भांडा, पण उचला. माझा विषय काढू नका, ते सांगणार नाहीत आणि जेवणारही नाहीत.

ते निघाले की मीही ही खोली सोडणार. कुठे ते ठरलं नाही.

पत्राच्या शेवटी काय लिहितात ते रंगाऱ्याला विचारलं. म्हणाला, ‘आपला मुलगा, असं लिही, बायामाणसांना बरं वाटतं.’ ते मला आता लिहिता येत नाही. काल सही करून आलोय.

काकांच्या हाताखाली काम केलेला,
भिंगरी