मनगटाशी घट्ट, वर सैल

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आई अजून काजं करते, हे आधी सांगून टाकते. परवा माझ्या लेकीच्या ब्लाउजला हेम घालताना तिनं सुई मात्र माझ्याकडून ओवून घेतली. डोळे साथ देत नाहीत म्हणते, हात देतो. उजवा. तोच. लेकीनं विचारलं, "आजी रोज सकाळी ती जाड बाही का चढवते?" मी सांगायला बसले आणि सांगता सांगता लक्षात आलं, की हे सगळं केलंत तुम्ही, पण मी ते बघत होते हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. जे. पी. नगरातलं आपलं शिवणाचं दुकान. पुढे तुमचं मशीन, मागे चटईवर आई, तिच्या मांडीवर कुणाच्या तरी साडीचा फॉल. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, किरणं घेऊन तिला वर्ष झालं होतं. सुटलो एकदाचे, असं आपण म्हणतोय तेवढ्यात तिची अंगठी बोटात रुतायला लागली. मग बांगड्या चढेनात. मग सगळा हात भरत गेला, जड आणि ताठ. तुम्ही तिच्या ब्लाउजची उजवी बाही उसवून पट्टी जोडलीत. दोन महिन्यांनी आणखी एक जोडलीत. कुणीतरी सांगितलं म्हणून गरम एरंडेल लावून हात चांगला रगडलात, तर तो आणखीच सुजला. पुढे सुई टोचल्याचं निमित्त झालं. हात लालभडक, हुडहुडी भरून ताप, आठवडाभर इस्पितळ. निघताना तिथले डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला ना? मग हाताचं काय घेऊन बसलात!" आई घरी आली आणि तिनं आपला सुयांचा डबा शेजारच्या अक्कांना देऊन टाकला. त्या दिवशी तुम्ही मशीनला हात लावला नाहीत.

मग तुमच्याच एका गिऱ्हाइकानं, नर्स होती ती, दुसऱ्या इस्पितळातल्या एका फिजिओथेरपिस्टबद्दल सांगितलं. परदेशात हेच शिकून नुकतीच आलेली, जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. आपण तिघं तिच्यासमोर बसलोय. ती आईचा हात दोन्ही हातांत धरून इथल्या कन्नडमध्ये समजावतेय, की रक्तासारखंच आणखी एक पाणी अंगात फिरत असतं. काखेतल्या गाठी काढल्या, वर किरणं दिली, त्यामुळे त्याची वाट बुजली. "हे मुळापासून जाणार नाही," ती म्हणाली, "पण ताब्यात येतं. रोज करावं लागेल, कायम. घरातल्या कुठल्या बाईला शिकवू?"

"सरी, बरं," तुम्ही म्हणालात. "मला शिकवा."

आई चपापली. आमच्यासमोर तुम्ही तिचा हात कधी धरला नव्हता. आणि इथे पडद्याआड, स्टुलावर बसून, तुम्ही तिच्या मानेवर बोटं ठेवलीत आणि पहिल्याच झटक्याला ती पोरगी ओरडली, "स्वल्प मेल्ले, सार! हळू! इस्त्री नाही फिरवायची. नुसती कातडी सरकली पाहिजे." तेव्हा तुम्हाला कळलं की एरंडेलाच्या त्या रगडण्यानं काय झालं होतं. तुमचा चेहरा उतरलेला मी बघितला. पण उठला नाहीत. आधी मान, मग पलीकडची काख, मग पाठ. हाताकडे सगळ्यात शेवटी, आणि त्याचीही सुरुवात दंडाकडून. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सोडायचं नाही, हे तुम्ही दुकानात मशीन चालवताना पुटपुटत होतात. मग कापसाचा थर आणि त्यावर बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्या. त्या बांधून आई मूठ उघडायची, मिटायची, हात वर न्यायची. कातडीला रोज मलम, आणि साधं खरचटलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. पट्ट्या रोज धुवायच्या, वाळवायच्या, गुंडाळायच्या. गिऱ्हाइकं विचारत, हे काय गुंडाळताय? तुम्ही म्हणायचात, "घरचं काम आहे."

तीन आठवड्यांनी हात उतरला. तुम्ही टेप लावलात, मग टेप झटकून पुन्हा लावलात, आणि आईला म्हणालात, "तूच बघ गं, माझी नजर चुकतेय बहुतेक." आईनं आकडा वाचला आणि खुदकन हसली. ऑपरेशननंतर मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

पण उतरलेला हात धरून ठेवायला घट्ट बाही हवी होती, आणि ती परदेशातून यायला काही महिने लागणार होते. तोवर रोज दिवसभर पट्ट्याच. "बाहीच ना?" तुम्ही म्हणालात. "तीस वर्षं दुसरं काय शिवतोय मी?" तुम्ही बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलात, इलॅस्टिकचं कापड विणणारा एक छोटा कारखाना शोधलात, चार प्रकार घेऊन आलात. पहिली बाही त्या मुलीनं हातात घेतली, दोन ठिकाणी ताणली आणि परत दिली. "वर घट्ट, मनगटाशी सैल? उलटं केलंत, सार. वर आवळलं की पाणी खाली कोंडणार. मनगटाशी घट्ट, मग वर सैल सैल होत जायला हवी." आयुष्यभर तुमच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला वाटलं, आता चिडणार. तुम्ही खिशातून खडू काढलात आणि बाहीवर तिथल्या तिथे खुणा केल्यात. दुसरी बाही शिवणीपाशी रुतत होती. तिसरी कोपरात गोळा झाली. चौथी तिनं आईला चढवली, चार तास इस्पितळातच बसवून ठेवलं, बोटांचा रंग बघितला, मापं घेतली आणि म्हणाली, "आता हीच वापरा. आणि सार, आणखी दोघीजणी आहेत माझ्याकडे. त्यांची मापं घ्याल?"

बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, पण कान लाल झाले होते आनंदानं. आई म्हणाली, "अहो, आता त्या ब्लाउजच्या पट्ट्या काढा की." घरी आल्या आल्या तुम्ही आधी पहिली पट्टी उसवलीत. मग दुसरीही. आईनं तो ब्लाउज घातला आणि तशीच, चहाही न घेता, शेजारी गेली. दारातूनच तिचा आवाज ऐकू आला: "अक्का, माझा डबा द्या. माझं काम पडलंय." त्या मुलीनं अट घातली होती, अंगुस्तानाची टोपी बोटात घातल्याशिवाय सुई धरायची नाही. आई ते अजून पाळते. मधून एकदा ताप आला, तोही वेळेवर औषध घेऊन गेला. माझ्या लग्नातले सगळे ब्लाउज तिच्या हातचे. तुम्ही गेल्यावर रात्रीच्या पट्ट्या मी बांधायला लागले, तर ती म्हणायची, "तुझ्या वडिलांचा हात हलका होता."

हे लिहिलेलं कुठे टाकणार, घडी करून कपाटात ठेवीन. आईलाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट उरलीय. पहिल्या आठवड्यात दुपार व्हायच्या आत पट्ट्या सुटून पडायच्या, तेव्हा तुम्ही मला मागच्या दारी बोलावून विचारलंत, "होईल ना गं हे आपल्याच्यानं?" मी ताडकन म्हणाले, "होणारच." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा आत गेलात. अण्णा, मला तसं अजिबात वाटत नव्हतं.