दादाच्या गाठीचा कौल

४ मार्च १९८६, मुंबई

दादा आमच्याच इस्पितळात पडलाय, पण इंजेक्शन घेत नाही. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसातली गाठ पळत सुटलीय, थांबायला वेळ नाही. आणि हा म्हणतो — "आदी कौल येऊदे." कसला कौल, तर आमच्या लॅबचा! गाठ मानेतही उतरलीय, तिथला तुकडा आमच्या लॅबच्या शास्त्रज्ञ दमयंतीबाईंकडे तपासायला आलाय, हे मीच बोलून बसलो. गावी गुरव देवाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर हो, डावी तर नाही. तसंच वाटतंय त्याला.

५ मार्च

बाईंना सांगितलं. हसल्या नाहीत. "केरू, ही तपासणी अभ्यासाची. उपचार हिच्यासाठी थांबवायचे नसतात. समजाव त्याला."

समजावलं. दादा म्हणाला, "गाऱ्हाणं मनात घातलंय. आता माघार नाय." काय गाऱ्हाणं? "ते सांगायचं नसतं." चिऱ्याच्या खाणीत दगड कापून कापून डोकंही चिऱ्याचं झालंय.

ठीक. मग कौलच लवकर आणायचा.

६ मार्च

बाईंनी तुकडा कुटून त्यातला डीएनए काढायला घेतला. तुलनेला निरोगी माणसाचा लागतो. मी दंड पुढे केला — माझं रक्त घ्या.

८ मार्च

दोघांचा डीएनए वीज सोडून शेजारी-शेजारी जेलीत पळवला. आता जेलीवरून तो पांढऱ्या कागदावर चढवायचा. वर टिपकागदांची चळत, त्यावर वजन — हे काम माझं. चौथी शिकलेला मी, पण चळत वाकडी होऊ देत नाही.

१० मार्च

कागदाला किरणोत्सारी औषध लावलं. ते बाईंना हव्या त्या जीनलाच जाऊन चिकटतं. मग कागद एक्स-रे फिल्मला लावून अतिथंड पेटीत. जीन नेहमीइतकाच असेल तर पट्टा बारीक. गाठीनं त्याच्या भाराभर प्रती केल्या असतील तर जाड, काळा. तसली गाठ दांडगी, बाई म्हणतात.

११ मार्च

न विचारता फिल्म काढून धुतली. सगळं फिकट! माझा पट्टा नाही, दादाचा नाही. बाई म्हणाल्या, "भात शिजायच्या आधीच झाकण काढलंस." नवी फिल्म लावली. परत वाट.

१२ मार्च

धाप वाढलीय त्याची. आज भांडलो. "काळं आलं तर गावी जाशील मरायला. साफ आलं तर म्हणशील, सुई कशाला. मग कौल हवाय कशाला तुला?" खोकला आवरत म्हणाला, "आपले आप्पा पन असेच खोकत गेले रे."

काही येवो, इंजेक्शन घ्यायला लावणारच. उचलून नेईन.

१५ मार्च

फिल्म निघाली. दोघांचा माल सारखाच घातलेला. माझा पट्टा दोऱ्याएवढा, दादाचा बोटाएवढा. काळाकुट्ट.

"सांगणार आहेस?" बाईंनी विचारलं.

सांगणार. खोटा कौल द्यायचा नाही. फिल्म मागून घेतली.

१६ मार्च

दादानं फिल्म खिडकीपुढे धरली. स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, "आप्पांचं माज्यात आलं, तसं तुज्यात नाय ना आलेलं?"

मी धावत जाऊन बाईंना विचारून आलो. हे वाढणं गाठीतच होतं, बापाकडून येत नाही.

दादानं सदऱ्याची बाही वर केली. "गाऱ्हाण्यात येवढंच इचारलं व्हतं. बोलव शिस्टरला."