अठ्ठावीस खण

प्रिय ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर "आमच्या आजारी बाबांना कामाला लावलंस?" असा तुमचा फोन येईल.

झालं असं, की माझा हात भाजला आणि बाबांच्या गोळ्यांच्या डब्याचे, आठवड्याचे अठ्ठावीस खण रिकामेच राहिले. बाबा म्हणाले, "सूनबाई, सरक. चाळीस वर्षं पोस्टात टपाल खणांत लावलंय मी." नातवाचं नाव विसरणारा माणूस! बघू तरी, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवली. एकेक गोळी चिठ्ठीशी ताडून त्यांनी डबा भरला. मी दोनदा तपासला. एकही चूक नाही. पुढच्या आठवड्यात परीक्षा घ्यावी म्हणून साखरेवरची एक गोळी मुठीत लपवली. त्यांनी हात पुढे केला, "आण इकडे."

आज मात्र डब्याशेजारी वाटीत एक पांढरी गोळी उरलेली दिसली. सापडली चूक! निरखून पाहिलं, तर ती माझीच, रक्तदाबाची. माझ्या त्या गोळ्यांचं पाकीट महिनाभर फ्रीजवर न फोडता पडून होतं.

"ही कुठून काढलीत?"

"पाकिटावर तुझं नाव होतं. टपाल पोचवायचं राहिलं होतं."

मग पाण्याचा पेला पुढे केला, आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलले नाहीत. रोज मी हलत नाही, तसेच.

तुमची,
वहिनी