कार्डाची मागची बाजू

१० मे २०१४, शनिवार

पुन्हा फ्लोमार्क्ट! सलग तिसरा शनिवार. पुण्याहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आलेत, आणि बाबांना इथे जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये, बघायचंय काय, तर जुन्या बाजारातली खोकी! म्हणे १९७४ साली खडकीच्या क्लबकडून इथे हॉकी खेळून गेले — गोलकीपर — आणि इथल्या च्युइंगमच्या पाकिटात त्यांच्या फोटोचं कार्ड निघायचं. त्यांच्याकडचं लग्नाआधीच हरवलं. ते आता मी शोधायचं! माझ्या नवऱ्याला, कपिलला, बरं शनिवारीच ऑफिसात काम निघतं. गेनाऊ, अगदी बरोब्बर!

१७ मे

पाऊस. तरी गेलो. प्रत्येक टेबलाशी मी विचारायचं, हॉकी? — की ते बर्फावरच्या हॉकीची कार्डं पुढे करणार. मग बाबा भर रस्त्यात वाकून दाखवणार, गोलकीपर कसा उभा राहतो ते. मेल्याहून मेल्यासारखं होतं! आई छत्रीखालून म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकतेय. कार्ड काही कुणी बघितलं नाही." बाबांनी ऐकलं. तसेच पुढच्या टेबलाकडे निघाले.

घरात कुणाचाच विश्वास नाही त्यांच्यावर. खरं सांगायचं तर माझाही नाही.

२४ मे

डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तर बाबा एकटेच ट्रामने गेले, नि भलत्याच टोकाला उतरले. दोन तास शोधत हिंडले मी. वैताग!

१४ जून

सापडलं!! एका म्हाताऱ्याच्या बुटांच्या खोक्यात. चेहरा बाबांचाच, शंकाच नको. पण कार्ड त्यांचं नाहीच! कार्ड एका जर्मन फॉरवर्डचं. तो हात वर करून नाचतोय, चेंडू जाळ्यात, आणि कोपऱ्यात गवतावर आडवे पडलेत आमचे बाबा.

घरी आई हसत सुटल्या. "हेच का ते? अहो, यासाठी चाळीस वर्षं?"

"पाय घसरला," बाबा म्हणाले. "गुडघा गेला. परत आल्यावर टीममध्ये घेतलंच नाही कुणी." एवढंच. मग कार्ड उलटं करून माझ्यापुढे धरलं. "मागे काय लिहिलंय? वाच."

जर्मनमध्ये लिहिलं होतं — चौथा गोल. पाहुण्यांचा गोलकीपर याही वेळी उशिरा पोचला.

मी वाचलं — पाहुण्यांच्या गोलकीपरने नऊ गोल वाचवले, हा एक तेवढा हुकला; लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

का वाचलं असं, देव जाणे. आईंचं हसू थांबलं. बाबांनी कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. आमची लेक अवनी शेजारीच गृहपाठ करत होती. मी तिच्यावर डोळे वटारले, तिने वहीत तोंड खुपसलं.

२२ जून

नसती आफत ओढवून घेतली! येईल त्याच्या हातात कार्ड, आणि "मुक्ता, वाच गं." शेजारच्या चारुदत्तला वाचून दाखवलं. स्काइपवर श्रीरंगकाकांना वाचून दाखवलं — आणि तोंडातून नऊच्या जागी अकरा निघाले! बाबा मान डोलावत ऐकत होते. स्वतःचंच खोटं पाठ करायची पाळी आलीये माझ्यावर!

१९ जुलै

गेले एकदाचे. फ्रँकफर्टला, सामान आत गेल्यावर, मागे रांग खोळंबलेली असताना बाबा म्हणतात, "ते मराठीत लिहून दे." आत्ता? इथे? एका पाकिटावर लिहायला घेतलं आणि अडले. नऊ की अकरा?

"अकरा लिही," बाबा म्हणाले.

२ ऑगस्ट

आईंचा फोन. कार्ड आणि माझं पाकीट एकाच फ्रेममध्ये, पुण्याच्या हॉलमध्ये. आल्यागेल्याला आता आईच वाचून दाखवतात!

फोन ठेवून अवनीला बजावलं, आजोबांना खरं कधी सांगायचं नाही हं. ती नेहमीसारखी जर्मनमध्येच म्हणाली, त्यांना माहितीये की! कार्ड सापडलं त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्याकडून वाचून घेतलं होतं. दोनदा. आणि म्हणाले होते, "तुझ्या आईला बोलू नकोस. ती छान वाचते."