आज्याला तिसरी हाक

बा, तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकायला तू नाहीस, याचा मला आज इतक्या वर्षांनी चक्क राग आला आहे. पोटात मावत नाहीये. जवळजवळ तीस वर्षं पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले, करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना पाणी घालत बसले, आणि आता साठाव्या वर्षी मला इतिहासाची खरी गोडी लागली आहे. ती लावली माझ्या सुनेने. तू तिला पाहिलं नाहीस. तुझा नातू जहाजावर इंजिनिअर आहे, ती त्याच जहाजावर स्वयंपाकघरात होती. फिलिपिन्सची, पार उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावातली. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती सुकट निवडायला बसते ना, अगदी आईसारखी एक पाय पुढे टाकून बसते. मराठी शिकली, मला आई म्हणते, आणि मीठ माझ्यापेक्षा बरं घालते.

गेल्या महिन्यात तिला आणि चार वर्षांच्या नातीला घेऊन मी आपल्या करंजा बंदरावर गेले होते, ताजी कोळंबी घ्यायला. धक्क्यावरच्या ओल्या फरशीवरून पोर घसरली ती थेट दोन होड्यांमधल्या पाण्यात. एका खलाशाने उडी टाकून तिला वर काढलं. खरचटलंसुद्धा नाही, पण ती रडेना की बोलेना, नुसती टकामका बघत राहिली. तिला टॉवेलात गुंडाळून आम्ही रिक्षाकडे निघालो, तर सून मध्येच थांबली. मागे गेली आणि पाण्याकडे तोंड करून आपल्या भाषेत मोठमोठ्याने हाका मारायला लागली. लिलाव चालू होता, बायका टोपल्या सोडून बघायला लागल्या. मी तिचा हात ओढला. "चल गं, लोक बघतायत." ती म्हणाली, "थांबा ना आई, हिचा एक जीव तिकडे राहिला." मी म्हटलं, "एक जीव? मग आहेत तरी किती?" तिने चार बोटं दाखवली. "आणि तू काय सांगत होतीस त्याला?" ती म्हणाली, "चल, आम्ही निघालो, मागे राहू नको." बा, मी रिक्षाची दांडी धरून उभीच राहिले.

तो दिवस तुला आठवत असणारच. मी सोळा वर्षांची आहे. होडी विकून तू बंदरात नोकरी धरली आहेस आणि आपण करंजा सोडून पनवेलला निघालो आहोत. सामान टेम्पोत चढलं आहे. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी निरोप द्यायला आल्या आहेत, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, शहाण्यासुरत्या. आणि तू उंबऱ्यात उभा राहून रिकाम्या घराला हाक मारतोस, "चल रं बा, आमी निंगालो. मागं रवू नको." तुझा बाप, माझा आजा, माझ्या जन्माआधी समुद्रावर गेला तो सापडलाच नाही, आला तर याच घरी येणार, असं तू धरून चालला होतास. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. मैत्रिणी फिसकन हसल्या आणि मी तुझ्यावर ओरडले, "बा, पुरे ना ते! लोक बघतायत." हाका तीन मारायच्या असतात हे मला आईने नंतर सांगितलं. तिसरी तू गिळलीस आणि टेम्पोत चढलास. त्या वर्षी पितरांचं ताट वाढायची वेळ आली तेव्हा आईला म्हणालास, "कोनाला वाढू? तो हितं नाय. तो तितंच रायला." माझ्याकडे बघितलंही नाहीस. चार थोबाडीत दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर आपल्या घरात ते ताट वाढलंच गेलं नाही.

नात पाण्यात पडली त्या रात्री शांत झोपली, सकाळी उठून नेहमीसारखी बडबडायला लागली, आणि मी सुनेच्या मागे हात धुऊन लागले. चार जीव म्हणजे काय ते नीट सांग! तर ऐक. एक मरेपर्यंत देह सोडत नाही. एक घाबरलं की निसटतो, आणि हाक मारून परत आणला नाही तर माणूस भ्रमिष्ट होतो. एक झोपेत ओळखीच्या जागी फिरून येतो. आणि चौथा मेल्यानंतर आपल्या माणसांना भेटायला येतो. मी लायब्ररी पालथी घातली, फोनवर वाचून डोळे लाल केले. फिलिपिन्सच्या एका गुहेत अस्थी ठेवायचा मातीचा रांजण सापडलाय, अडीच हजार वर्षांहून जुना. त्याच्या झाकणावर होडी, होडीत दोन माणसं. पुढचा छातीशी हात घेऊन बसलेला, तो मेलेला. मागचा त्याला पलीकडे नेतोय. त्याचं वल्हं कधीच गेलं, पण हात अजून धरलेलेच आहेत. फोटो पाहून मी ताडकन उठले, कारण त्याची बसण्याची ढब तुझी होती! होडीला आणि गावाला त्यांच्यात एकच शब्द. एका होडीतून उतरलेली माणसं म्हणजे एक गाव, आणि होडीचा तांडेल तोच गावाचा पुढारी. तुला हे किती आवडलं असतं. एक ताम्रपट आहे, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचा, त्यावर चक्क शके, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार! आणि मी वर्गात काय सांगत आले? कुणा परक्या दर्यावर्दीने ही बेटं शोधली, एवढंच. ही माणसं पूर्वजांच्या लाकडी मूर्ती घरात ठेवत, दुखलंखुपलं की त्यांना विचारत. त्यांच्याशी बोलणाऱ्या पुजारणी बहुतेक बायकाच. मग समुद्रापलीकडून पाद्री आले आणि त्यांनी त्या मूर्ती जाळल्या. त्यांना निदान बाहेरून यावं लागलं. आपल्या घरात ते काम मी एकटीने केलं.

म्हणून काल आम्ही दोघी पुन्हा करंजाला गेलो. आपल्या घराच्या जागी आता बर्फाचा कारखाना आहे. मी दारात उभी राहिले आणि आधी कोण कोण बघतंय ते पाहून घेतलं. सून म्हणाली, "मी बोलू का, आई?" मी म्हटलं, "नको, त्याला तुझी भाषा कुठे कळायची?" पण आपली बोली तरी माझ्या तोंडात कुठे उरली होती! "चला, आपण निघू या," असं काहीसं पुटपुटले, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं, आणि मलाच हसू आलं. बर्फ भरायला आलेली एक म्हातारी कोळीण बघत होती. "कोनाला हाकारते गो बाय?" "आज्याला. घरी न्यायचाय." ती हसली नाही. म्हणाली, "मंग जोरात बोल. हितं मशीन चालू हाय, त्याला आयकू कसं येल?" दोन हाका तू मारून ठेवल्या होत्यास. तिसरी मी मारली, तुझ्याच शब्दांत, अशी खणखणीत की ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. बघू दे म्हटलं. येताना रिक्षात मी अंग चोरून बसले, त्याला जागा व्हावी म्हणून. आनंदाने मला नुसतं भरून आलं होतं.

आज दुपारी ताट वाढलं. भात आणि बोंबलाचं कालवण, सुनेने केलेलं. मी आज्याला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे ताटासमोर हात जोडले तेव्हा डोळ्यांपुढे आलास तू, टेम्पोत चढणारा. मग बाजूला दुसरं ताट मांडलं, तुझं. हे सगळं तुला तिथेच बसून मोठ्याने वाचून दाखवायचं, असं मनाशी ठरवून मी पत्र लिहायला घेतलं होतं. पण या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, शेजारच्या वहिनी घरात होत्या, त्यांना ऐकू जाईल म्हणून नाही वाचलं. बा, मी अजून पुरती सुधारलेली नाही.