फ्लेक्सवरचे शोकाकुल

मुखेड,
बुधवार

आदरणीय महामाया आत्या,

नागसेनचा जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? आनंदराज मामांची शुगर कशी आहे? इकडे सगळे ठीक. म्हणजे दादा (तुमचे बंधू) दोन घास खाऊन उठतात, अंजू (तुमची भाचेसून) माझ्याशी कामापुरतं बोलते आणि मला चार दिवस नीट झोप नाही. तुम्ही फोन उचलत नाही. मामा उचलतात, पण ‘विचारून सांगतो’ म्हणून ठेवून देतात. म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो. मामा शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर घ्यायला येतील. (एवढं त्यांनी कबूल केलंय. त्यांच्यावर रागावू नका.)

रविवारी आजीचं पुण्यानुमोदन आहे आणि तुम्ही येणार नाही असं कळलं. फ्लेक्सवर तुमचं नाव नव्हतं, म्हणून. ते कसं झालं हे क्रमानं सांगतो. घाईत सांगितलं की सबब वाटते.

आजी गेली त्याच दुपारी मी भीमाशंकरच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. फोटो एकच होता, आधार कार्डासाठी काढलेला. खुरपून खुरपून आजीच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या, मशिनवर ठसा उमटेना, आणि ऑपरेटरनं पाचव्यांदा बोट दाबलं तेव्हाचा तो चेहरा आहे. भीमाशंकरनं तिला आधी गोरी केली. मी म्हणालो, सावळी कर. मग त्यानं मागे बर्फाचा डोंगर टाकला आणि पाण्यात दोन हंस सोडले. आजीनं आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. अर्धा तास माझा हंस घालवण्यात गेला. (मला वाटलं, आपण आजीची बाजू घेतोय.) त्यानं आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल वापरली होती. खाली शोकाकुलांच्या यादीत आमच्या नावांच्या शेवटी ‘शेषेराव व समस्त परिवार’ तसंच राहिलं. आमच्यात शेषेराव कुणी नाही. मी वाचलं नाही. संध्याकाळी माती झाली, तुम्ही परतलात आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला.

तिसऱ्या दिवशी शेषेराव आले. पासष्टीचे शेतकरी, बागायतदार, पांढरा पटका. आल्याआल्या म्हणाले, “माजं नाव कुनी टाकलं? सकाळधरनं पाव्हण्यांचे फोन येऊन राहिलेत, कोन गेलं म्हणून. बायको रडून राहिली न्हवं!” मी हात जोडले. दादा पाणी आणायला उठले. तेवढ्यात शेषेरावांचं लक्ष टेबलावरच्या फोटोकडे गेलं आणि ते सतरंजीवर बसले. “ही धुरपताबाई का?” म्हणाले. मग बराच वेळ ते बोलले आणि आम्ही ऐकत राहिलो.

आजी त्यांच्या शेतात वीस वर्षं खुरपायला होती. बारा बायांची टोळी तिच्या शब्दावर चालायची. शेषेरावांचे वडील मजुरांना वरून ओंजळीत पाणी ओतायचे. एका दुपारी आजीनं ओंजळ धरलीच नाही. खुरपं कंबरेला खोचलं आणि ऐन खुरपणीत सगळी टोळी घेऊन घरी आली. “आमचा बाप दोन दिवस एकटा खुरपत व्हता,” शेषेराव म्हणाले. “बाराव्या सरीला पाठ धरली त्याची. तिसऱ्या दिवशी घागर मधी ठेवली, तांब्या बाजूला. बाई आली, आधी आपल्या हातानं तांब्या बुडवून पिली, मंग म्हणली, शेट, तुमी बी घ्या की, ऊन लई हाय. प्यावं लागलं त्याला!” आजी गेल्यापासून दादा पहिल्यांदा हसले. आत्या, मी मराठीचा एम. ए. आहे, नांदेडला कॉलेजात शिकवतो, आणि हे मला माहीत नव्हतं. आजीला मी कधी काही विचारलंच नाही. ती मला ‘जेवला का’ विचारायची, मी ‘हाव’ म्हणायचो. तीस वर्षं आमचं हेच बोलणं.

मग शेषेरावांनी खिशातून मोबाईल काढला, फ्लेक्सचा फोटो मोठा केला आणि यादीवरून बोट फिरवलं. “बाईला एक पोरगी व्हती. शेताच्या धुऱ्यावर बसून पुस्तक वाचायची. खुरप्याला हात लावू देत नव्हती बाई तिला. तिचं नाव कुठं हाय?”

अंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी धावत चौकात जाऊन फ्लेक्स काढला, पण तोवर कुणीतरी तुम्हाला फोटो पाठवला होता. चूक भीमाशंकरची आहे. परक्या नावानं जागा खाल्ली, त्यात तुमचं गेलं. दादा रोज दुपारी स्टँडवर जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, हवा खायला. मुखेडच्या स्टँडवर हवा कुठली?

मामांना जयभीम. उत्तराची वाट पाहतोय.

तुमचा,
नागसेन

ता. क. रविवारी आजीचा जीवनपट वाचायचं काम माझ्यावर आलंय. कागदावर जन्म ‘अंदाजे’ आहे आणि पुढे तांब्याची गोष्ट. बाकीचं आयुष्य तुमच्याजवळ आहे. शेषेराव येणार आहेत. म्हणाले, नाव छापलंय, आता यावंच लागंल.

ता. क. भीमाशंकरबद्दल लिहिलं ते खरं नाही. शेषेरावांचं नाव त्यानं ठेवलं, पण आमच्या नावांची यादी त्याला मी दिली होती. माझ्या अक्षरात. त्यात तुमचं नाव नव्हतं. घरातल्या प्रत्येक कार्याची यादी आजवर तुम्हीच केली. मी दुकानात उभा राहून एकेक नाव लिहीत होतो आणि मनात तुम्हालाच विचारत होतो, आत्या, आता कोण राहिलं?